आधी घराची निजानीज

“लेकरू झोपायलंच नाही बघा! दहा वाजले, अकरा वाजले, तरी डोळे टक्क उघडे!”

लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही घरी रात्रीच्या जेवणानंतर जावे आणि ही तक्रार ऐकावी. तक्रार करणारी बहुधा आई असते. दिवसभर राबून तिचे डोळे मिटत आलेले असतात आणि ज्याचे मिटायला हवेत तो पाच वर्षांचा गृहस्थ गादीवर कोलांट्या मारीत असतो. मग समजूत होते, आमिष होते, दटावणी होते आणि शेवटी एक धपाटा होतो. मूल मुसमुसत झोपी जाते. आई मात्र त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत कितीतरी वेळ जागीच राहते.

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय फार किरकोळ, असे काही वाचकांना वाटेल. पण थोडा हिशेब करून पाहावा. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत घरात साडेतीन हजारांहून अधिक रात्री येतात. त्यांतला प्रत्येक दिवस भांडणाने संपावा की गोडीने, हा प्रश्न किरकोळ खचितच नाही. मुलाच्या मनात घराची जी आठवण उरते ती पुष्कळशी याच वेळची असते.

आपल्या भाषेत ‘निजानीज’ असा एक सुरेख शब्द आहे. ‘निजानीज झाली’ म्हणजे एकटे मूल झोपले असे नव्हे. चूल निवली, दारे लागली, दिवे मालवले, बोलणी थांबली आणि मग सगळेच निजले, असा त्याचा अर्थ. आमच्या मते मुलांच्या झोपेचे सारे शास्त्र या एका शब्दात आले आहे. हल्ली आपण घर जागे ठेवतो आणि एकट्या मुलाला झोपायला सांगतो. इथेच सारे बिनसते. मुलाला झोपवण्याच्या भानगडीत पडण्याआधी घराची निजानीज करायला हवी.

झोप किती हवी, हे आधी पाहू. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली वयोमानाप्रमाणे झोपेचे तास सांगितले आहेत. एक ते दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी. यात दुपारची झोप धरलेली आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनाही ८ ते १० तास हवेत. हा शेवटचा आकडा लातूर-नांदेडच्या पालकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

आपल्या राज्यातही हा विषय आता सरकारदरबारी पोहोचला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात, असे जाहीरपणे सुचवले. पुढे ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. निर्णय चांगलाच आहे. पण शाळा नऊला भरली म्हणून झोप आपोआप वाढत नाही. सात वर्षांच्या मुलाला सव्वासातला उठवायचे आणि दहा तास झोप द्यायची, तर त्याचा डोळा सव्वानऊला लागलेला हवा. शाळेने सकाळी दिलेला तास घराने रात्री उधळला, तर त्याला शासन तरी काय करणार?

मुलाला झोप येते कशी, हेही थोडे समजून घेऊ. आपल्या शरीरात दिवस-रात्र चालणारे एक घड्याळ असते. त्याची कळ कशी फिरते हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडू लागला की मेंदूतून मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात उतरू लागते आणि शरीराला ‘रात्र झाली’ असा निरोप मिळतो. डोळ्यांवर प्रखर उजेड आला की तो निरोप अडतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात, बऱ्यापैकी प्रखर दिव्याखाली मुलांमधले हे द्रव्य मोठ्या माणसांच्या मानाने जवळजवळ दुपटीने दबलेले आढळले. म्हणजे ज्या ट्यूबलाइटखाली आजोबांना पेंग येते, तिच्याखाली नातवाची झोप उडते. त्यात नातवाचा हट्टीपणा नाही.

दुसरी गोष्ट शरीराच्या उष्णतेची. झोप लागताना शरीर आतून किंचित निवावे लागते. हातापायांच्या कातडीतून ही उष्णता बाहेर जाते. निजण्यापूर्वी कोमट पाण्याने पाय धुतले की तिथल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि शरीर लवकर निवते. ‘हातपाय धुऊन अंथरुणावर जा’ असे आपल्या आज्या सांगत, ते स्वच्छतेपुरतेच नव्हते असे आता म्हणावे लागते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. लातूरच्या बार्शी रोडवरचे म्हणा, नांदेडच्या तरोड्यातले म्हणा. वडिलांचे दुकान आहे. आई शाळेत शिकवते. आजी गावाकडून येऊन राहिली आहे. थोरली अकरावीत आहे आणि नीटच्या क्लासला जाते. धाकटा पहिलीत. सायंकाळी साडेसातला आई स्वयंपाकाला लागते. धाकट्याने मध्ये लुडबुड करू नये म्हणून त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. आठला आजीची मालिका सुरू होते. पावणेनऊला ताई क्लासहून येते, तिचे ताट वाढले जाते. धाकटा तिच्या ताटातले दोन घास खातो आणि ताजातवाना होतो. नऊला आई म्हणते, “चल, झोप आता.” तो डोळे मिटून पडतोही, पण साडेनऊला खाली गाडीचा आवाज येतो. “पप्पा आले!” म्हणून स्वारी उडी मारून दारात. पप्पांनी खाऊ आणलेला असतो. दिवसभर लेकराचे तोंड पाहिलेले नसते, म्हणून ते त्याला उचलून हवेत उडवतात. पुढचा तास दीड तास कसा जातो, ते सांगायला नकोच. त्यातून त्या रात्री नळाला पाणी येणार असेल तर बादल्या-घागरींची धावपळ वेगळीच. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरला पाण्यासाठी जागणे नवे नाही.

या घरात वाईट कोणीच नाही. सगळे एकमेकांसाठीच राबत आहेत. पण मुलाने झोपावे असे एकही चिन्ह त्या घरात नाही. उजेड आहे, आवाज आहे, खाऊ आहे आणि सगळी माणसे जागी आहेत. मुलाला वाटते, आपण झोपलो तर काहीतरी मजेचे आपल्यावाचून होऊन जाईल. त्याचे चुकते असे कोण म्हणेल?

मोबाइलबद्दल एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन जात. मूल गुंगीत पडून राही आणि आईला पाळी करता येई. त्या आया निर्दय नव्हत्या. घरी सांभाळायला माणूस नव्हते आणि पोटासाठी जाणे भाग होते. आजची थकलेली आई मुलाच्या हाती मोबाइल देते तेव्हा तीही निर्दय नसते. तिला अर्धा तास हवा असतो. पण बाळागोळीने मूल निदान पडून तरी राही. मोबाइलने ते गप्प बसते आणि वर झोपही पळते. तेव्हा आईला दोष देण्यापूर्वी तो अर्धा तास तिला दुसरा कोण देऊ शकेल, याचा विचार घरातल्या इतरांनी करावा. म्हणूनच हे सदर आज गृहस्थ मंडळींनीही वाचावे, अशी आमची विनंती आहे.

उपाय कोणता? उपाय अगदी साधा आहे आणि बिनपैशाचा आहे. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, त्याच चार गोष्टी करायच्या. फिलाडेल्फियाच्या जोडी मिंडेल या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ४०५ आया आणि त्यांची लहान मुले यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही आयांना निजण्यापूर्वीचा ठरावीक क्रम सांगितला होता : अंघोळ, अंगाला हलके चोळणे, मग अंगाईसारखे काही शांत, आणि अर्ध्या तासाच्या आत दिवा बंद. पहिल्या आठवड्यात जसे चालले होते तसेच चालू दिले आणि पुढचे दोन आठवडे हा क्रम पाळला. मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली. आणि विशेष म्हणजे आयांची मनःस्थितीही सुधारली. पुढे २०१५ साली त्यांनीच चौदा देशांतल्या १०,०८५ आयांकडून माहिती घेतली. आठवड्यातल्या जितक्या अधिक रात्री क्रम पाळला जातो, तितकी झोप अधिक चांगली, असे तिच्यात दिसले.

हे परदेशी शास्त्र आपल्याला परके वाटू नये. देवळात रात्री शेजारती होते, ती काय असते? देवाला आपण एकदम ‘झोप’ म्हणून सांगत नाही. दूध दाखवतो, शेज सजवतो, आरती म्हणतो, दिवा मंद करतो आणि मग दार लोटून घेतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात रोज रात्री गुरू ग्रंथसाहिबाला आदराने विश्रांतीच्या जागी नेतात. त्या विधीला ‘सुखासन’ असे गोड नाव आहे. देवाच्या आणि ग्रंथाच्या विश्रांतीला आपण इतका नेम पाळतो, मग घरातल्या बाळालाच ‘झोपतोस की देऊ एक’ का म्हणावे?

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. वर सांगितलेल्या घराच्याच सोयीने तो मांडला आहे. ज्याने त्याने आपल्या घराप्रमाणे वेळ पुढेमागे करावी. क्रम मात्र बदलू नये.

पहिली गोष्ट जेवणाची. मुलाचे जेवण साडेसातपर्यंत आटोपावे. वरण-भात, मऊ भाकरी आणि दूध, एवढे पुष्कळ झाले. सायंकाळी मुलांना कपभर चहा देण्याची चाल आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, ती सोडावी. चहातल्या कॅफिनचा बराचसा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात शिल्लक असतो. पाचच्या चहाचे असे देणे रात्री दहाला द्यावे लागते.

दुसरी गोष्ट मोबाइलची. सव्वाआठला घरातले सगळे मोबाइल ‘झोपवावेत’. हा शब्द मुलांना फार आवडतो. स्वयंपाकघरातल्या फळीवर जागा ठरवावी आणि मुलाच्याच हाताने एकेक मोबाइल चार्जिंगला लावून घ्यावा. पण आईचा, पप्पांचा आणि आजीचाही मोबाइल तिथे गेला पाहिजे. आपण उशीखाली घेऊन झोपायचे आणि मुलाला उपदेश करायचा, हे चालायचे नाही. दूरचित्रवाणीचा आवाजही याच वेळी बंद व्हावा. आजींची मालिका राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दुपारी ती बघता येते.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि तेलाची. हातपाय-तोंड धुणे, दात घासणे, लघवीला जाऊन येणे. थंडीत पाणी कोमट घ्यावे. मग सुती सैल कपडे. त्यानंतर पाच मिनिटे तळपायाला खोबरेल चोळावे. घरात काशाची वाटी असेल तर आजीला आनंदाने हे काम द्यावे. त्या पाच मिनिटांत मूल दिवसभरातले जे सांगते, ते एरवी सांगत नाही. वर्गात कोणी मारले, कोणी डबा खाल्ला, बाई कशावरून रागावल्या, हे सगळे तळपायाला तेल लागले की बाहेर येते.

चौथी गोष्ट अंथरुणाची. मोठा दिवा मालवून झिरोचा बल्ब लावावा. मच्छरदाणी सोडावी. डासांपासून रक्षण होतेच. शिवाय मच्छरदाणीत शिरले की मुलाला आपले एक वेगळे घर झाल्यासारखे वाटते. परदेशी पुस्तके मुलाला निराळ्या खोलीत एकटे झोपवण्याचा सल्ला देतात. आपल्याकडे निराळी खोली नसते आणि मोठ्यांजवळ झोपणारे मूल काही कमी शहाणे होत नाही. १७ देश-प्रदेशांतल्या २९,२८७ लहान मुलांच्या एका पाहणीत आशियातली मुले अधिक प्रमाणात आईवडिलांच्याच खोलीत झोपताना आढळली. त्याच पाहणीत न्यूझीलंडची मुले सरासरी संध्याकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी अंथरुणावर जात होती आणि हाँगकाँगची १० वाजून १७ मिनिटांनी. तेव्हा खोली एकच असली तरी हरकत नाही; वेळ सांभाळावी.

उन्हाळ्यात मात्र या क्रमाला थोडी मुरड घालावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात. गच्ची सुरक्षित असेल आणि कठडा उंच असेल, तर मोठ्यांबरोबर तिथे अंथरूण टाकावे. खेड्यातल्या माळवदावर निजलेल्या आजीला सप्तर्षींचे खाटले ठाऊक असते : चार तारे म्हणजे खाटल्याचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे ते पळवायला आलेले चोर. हे नातवाला दाखवावे. मोबाइलपेक्षा हे चित्र कितीतरी मोठे आहे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, गोष्टीचीच. गोष्ट एकच सांगावी आणि ती फार लांबवू नये. मुलाने कालचीच मागितली तर कालचीच सांगावी, शब्दही तेच ठेवावेत. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यानेच मूल निवांत होते. गोष्टी येत नाहीत अशी सबब पुष्कळ जण सांगतात. पण आजीच्या लहानपणी येळवशीला शेतात कोण कोण आले, भज्जी कशी रांधली, आंबील कोणाच्या अंगावर सांडली, ही लातूरच्या मुलाला कुठल्याही परीकथेइतकीच गोड गोष्ट आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले, तेव्हा त्याच्या प्रकरणांना ‘प्रकरण’ न म्हणता ‘रात्र’ म्हटले. अशा ४२ रात्री त्यात आहेत. दिवसाची कामे आटोपतात, प्रार्थना होते आणि मग श्याम आईची एकेक आठवण सांगतो. ऐकणारे रोज येतात, कारण रोज त्याच वेळी ती गोष्ट मिळणार हे त्यांना ठाऊक असते. गोष्टीइतकाच त्या नेमाचाही तो गोडवा आहे.

गोष्ट संपली की दिवा. मग बोलणे नाही. मूल उठून आलेच, तर न रागावता, फार न बोलता परत नेऊन निजवावे. पहिल्या आठवड्यात दहा वेळा न्यावे लागेल, तिसऱ्यात एकदा.

आता थोरलीकडे वळू. लातूर पॅटर्नच्या कीर्तीमुळे राज्यातल्या कानाकोपऱ्यातून मुले लातूरला येतात. नांदेडच्या भाग्यनगरकडेही क्लासची तीच गर्दी. रात्री बारापर्यंत दिवा जळणे ही या दोन शहरांत अभिमानाची गोष्ट झाली आहे. पण दिवसा शिकलेले मेंदूत पक्के बसते ते मुख्यतः झोपेत. जिच्या मार्कांसाठी घर सगळे सोसते, तिची झोप कापली तर शेंडी तुटो की पारंबी म्हणून केलेल्या अभ्यासाचेच नुकसान होते. या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकलेले असते, म्हणून तिला नऊला झोपवणे जमणार नाही. साडेदहा मात्र जमते. धाकटा झोपत असताना तिने दुसऱ्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात टेबलावरच्या दिव्याखाली वाचावे. आणि आठवड्यातून एखाद्या रात्री धाकट्याला गोष्ट सांगण्याचे काम तिच्याकडे द्यावे. पुस्तकातून डोके बाहेर काढल्याने तिचेही भलेच होईल.

आणि पप्पा? दुकान साडेनऊच्या आत बंद होत नाही, हे आम्ही जाणतो. सोयाबीनच्या दिवसांत अडतीवर तर घड्याळ पाहायचीही सोय नसते. अशा वडिलांनी सकाळ आपलीशी करावी. मुलाला उठवणे, न्हाऊ घालणे, शाळेत पोहोचवणे, हे त्यांचे. रात्री उशीर झाला तर चपला दारात काढून हळूच आत यावे आणि खाऊ सकाळच्या डब्यासाठी ठेवावा. झोपलेल्या मुलाकडे दोन मिनिटे बघत बसायला कोणाची मनाई आहे? दुकानाच्या सुटीच्या दिवशी मात्र रात्रीची गोष्ट त्यांचीच.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली आणि ती या भागातल्या वाचकांना सांगताना जपूनच सांगायला हवी. मूल झोपते ते नुसते थकल्यामुळे नव्हे, विश्वासामुळे झोपते. आपण डोळे मिटले तरी घर जागच्या जागी राहील, सकाळी आई असेल, एवढा विश्वास त्याला लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, हा विश्वास मराठवाड्यात मोडला. गणपतींचे विसर्जन आटोपून माणसे नुकती कुठे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर कितीतरी महिने लोक छपराखाली निजायला धजत नव्हते. तेव्हाची दहा वर्षांची मुले आज चाळिशी ओलांडलेले आईबाप आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले आणि नांदेडकरही घराबाहेर आले, तेव्हा या आईबापांच्या मनात काय आले असेल, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

मोठ्यांच्या मनातली भीती मुलाला न सांगताही कळते. अशा वेळी ‘काही नाही, झोप’ म्हणून गप्प करू नये. जमीन हलली हे खरे. हलली तर आपण कुठल्या दाराने बाहेर जायचे, कुठे उभे राहायचे, हे दिवसाउजेडी एकदा दाखवून द्यावे. आणि रात्री नेहमीचाच क्रम, तसाच, त्याच वेळी करावा. तेच पाणी, तेच तेल, तीच गोष्ट. जग हलले तरी आपल्या घरातली आठ ते नऊची वेळ हलत नाही, हे मुलाला शब्दांनी सांगून पटत नाही. रोजच्या नेमानेच पटते. मग ज्या घरी भूकंप नाही, पण आजारपण आहे, बदली आहे, आईबापांची कुरबूर आहे, त्या घरालाही हेच लागू आहे. आणि म्हणूनच झोपवण्यासाठी बागुलबुवाला, पोलिसाला किंवा भुताला कधी बोलावू नये. त्याची भीती घालून मूल डोळे मिटते खरे. पण त्याचा विश्वास आपण आपल्या हातांनी काढून घेतलेला असतो.

काही मुलांची अडचण क्रमाने सुटण्यासारखी नसते. मूल रोज जोराने घोरत असेल, तोंड उघडे टाकून श्वास घेत असेल, श्वास मध्येच अडकत असेल, किंवा पुरेसे झोपूनही दिवसभर पेंगत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध किंवा दुसरे कसले औषध मनाने पाजू नये.

दिवाळीच्या दिवसांत यांतले काहीच जमणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. फटाके आहेत, पाहुणे आहेत, मामेभाऊ-आतेभाऊ जमले आहेत, आणि नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून उठवायचेच आहे. चार दिवस मुलांनी जागावे, खुशाल जागावे. सणाच्या आनंदाला घड्याळ लावू नये. पण भाऊबीज झाली, पाहुणे गावी परतले, की शाळा उघडण्याची वाट न पाहता सुरुवात करावी. अकरा वाजता झोपणाऱ्या मुलाला एकदम नऊला निजवू गेलात तर दोन तासांचे भांडण होईल. दर दोन दिवसांनी पाव तास अलीकडे यावे. सव्वादोन आठवड्यांत नऊ वाजता येतात. सकाळी उठवण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की ठेवावी आणि उठल्यावर मुलाला थोडा वेळ उन्हात खेळू द्यावे.

मधल्या काळात एखाद्या रात्री पाणी येईल, एखाद्या रात्री लग्न निघेल, एखाद्या रात्री आपलाच जीव थकेल. एक रात्र चुकली म्हणून नेम मोडला असे मानू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वाआठला मोबाइल फळीवर ठेवावेत. आणि महिन्याभराने एखाद्या रात्री नऊच्या ठोक्याला घर शांत झाले, आजीही लवंडली, आणि काय करावे असा प्रश्न आईला पडला, तर तिने खुशाल हा दिवाळी अंक पुन्हा उघडावा. त्यात वाचायचे अजून पुष्कळ राहिले असेल.